विम्याच्या पलीकडचा जिम्मा

शहापूरहून मुरबाडकडे निघाले की भातसा नदीच्या काठी सापगाव लागते. या रस्त्यावरून भाताची पोती जातात, पेंढा जातो, विटा जातात, शाळेची मुले जातात आणि लग्नसराईत बाराती जातात. तिकडे आसनगावजवळून मुंबई-नाशिक महामार्ग धावतो. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, तोही आमच्याच शहापूर तालुक्यातून गेला आहे. ज्या घरात वीस वर्षांपूर्वी सायकल होती तेथे आज मोटारसायकल आहे, आणि ज्याच्याकडे मोटारसायकल होती त्याने कर्ज काढून पिकअप घेतली आहे. कष्टाने आलेली ही बरकत आहे. तिच्याकडे कोणी वाकड्या नजरेने पाहू नये.

पण गाडीबरोबर घरात आणखी एक गोष्ट येते आणि तिची चर्चा आपल्या बैठकीत कधी होत नाही. आपल्या गाडीखाली एखादा माणूस गेला, तर त्याच्या घरच्यांचे देणे कोणी द्यायचे? असा प्रश्न विचारला की दोन उत्तरे ठरलेली असतात. पहिले, "विमा काढला आहे ना, मग कंपनी बघून घेईल." दुसरे, "जे व्हायचे ते अल्लाहच्या मर्जीने होते, त्याला आपण काय करणार?" एक उत्तर कंपनीवर भार टाकते, दुसरे तकदीरवर. दोन्ही उत्तरांत उत्तर देणारा स्वतः कोठेच नसतो. आम्हांला या लेखात त्या गैरहजर माणसाबद्दल बोलायचे आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण पहिले उत्तर कायद्याच्या अर्धवट माहितीवर उभे आहे.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रकसारख्या मालवाहू गाडीच्या विम्याला मर्यादा होती. एका अपघातामागे २० हजार रुपये. पुढे १९६९ साली ती ५० हजार झाली आणि १९८२ साली दीड लाख. न्यायाधीशाने त्याहून अधिक भरपाई ठरवली तर वरची रक्कम गाडीमालकाने आपल्या खिशातून द्यायची. एकाच अपघातात दोन-तीन माणसे सापडली तर हे २० हजार सर्वांत वाटायचे की प्रत्येकाला स्वतंत्र, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. जादवजी केशवजी मोदी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात १९८१ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने सांगितले की, 'एक अपघात' हे शब्द जखमी होणाऱ्याच्या बाजूने वाचले पाहिजेत. ज्याला इजा झाली त्याच्यापुरता तो एक अपघात. म्हणून मर्यादा प्रत्येकासाठी वेगळी धरायची. पीडिताच्या जागी उभे राहून शब्दाचा अर्थ लावण्याचा हा प्रयत्न आम्हांला आजही मोलाचा वाटतो.

१९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि तिऱ्हाईत माणसाच्या मृत्यूसाठी व इजेसाठी विम्यावरची ही कमाल मर्यादा गेली. जेवढी भरपाई ठरेल तेवढी कंपनीने द्यायची. २०१६ च्या दुरुस्ती विधेयकात मृत्यूसाठी १० लाख आणि गंभीर इजेसाठी ५ लाख अशी कंपनीची मर्यादा पुन्हा आणण्याचा प्रस्ताव होता. २०१९ मध्ये जे विधेयक मंजूर झाले त्यातून ती काढून टाकण्यात आली. याचा अर्थ ज्याची कागदपत्रे नीट आहेत आणि जो नियमाने गाडी चालवतो, त्याला मनुष्यहानीच्या भरपाईपायी घर विकावे लागण्याची भीती सहसा नाही. मालमत्तेच्या नुकसानीचे मात्र तसे नाही. तिथे पॉलिसीत साधारणपणे मोटारीसाठी साडेसात लाख आणि दुचाकीसाठी एक लाख अशी मर्यादा लिहिलेली असते. एखाद्याच्या दुकानात गाडी घुसली आणि नुकसान त्याहून मोठे निघाले, तर वरचे पैसे मालकाचे.

मग अडचण कोठे येते? ती येते 'नियमाने' या शब्दात. आमच्या भागातला रोजचा व्यवहार पाहा.

पिकअप ही मालाची गाडी. तिच्यातून मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालासोबत जात असेल तर १९९४ च्या दुरुस्तीनंतर विमा त्याला लागू होतो. पण त्याच पिकअपमध्ये आपण वीस-पंचवीस बाराती उभे करतो, वीटभट्टीवर मजूर नेतो, उर्सला जाणारी मंडळी बसवतो. २००२ सालच्या आशा राणी खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मालवाहू गाडीतून असे फुकट किंवा भाडे देऊन जाणाऱ्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. ती मालकावर आहे. भातसेच्या पुलाजवळ अशी एक गाडी उलटली तर पंचवीस कुटुंबांचे देणे एका मालकाच्या अंगावर येऊ शकते.

मोटारसायकलचे घ्या. बहुतेक जण स्वस्तातला फक्त थर्ड पार्टी विमा काढतात. त्या विम्यात मागे बसलेला दोस्त मोडत नाही, हे किती जणांना ठाऊक आहे? २००६ साली तिलक सिंग खटल्यात हेच ठरले. 'फुल' विमा असेल तर गोष्ट वेगळी.

गाडी विकल्यावर टी.टी. फॉर्मवर सही करून चावी देऊन टाकायची आणि आर.सी. बुकावरचे नाव तसेच ठेवायचे, ही तर आपल्याकडची रीतच झाली आहे. गाडी तीन हात फिरते, विम्याची मुदत संपते आणि चौथ्याच्या हातून अपघात होतो. २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की, आर.टी.ओ.च्या दफ्तरी ज्याचे नाव आहे तोच मालक आणि भरपाई त्याच्याकडूनच घ्यायची.

आणि मुले. नववी-दहावीतल्या मुलाच्या हाती चावी देताना बापाच्या चेहऱ्यावर जो अभिमान असतो तो आम्ही शाळेच्या फाटकावर पाहतो. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले, तेव्हा सगळा महाराष्ट्र श्रीमंतांच्या लाडावर बोलला. गावातला लाड त्याहून स्वस्त मोटारसायकलवर बसलेला असतो, एवढाच फरक.

परवाना नसलेल्याच्या हाती मालकाने जाणूनबुजून गाडी दिली असेल तर पीडिताला कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत, असा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २००४ च्या स्वर्ण सिंग निकालात घालून दिला. पीडिताच्या दृष्टीने हा मोठाच आधार आहे. मालकाच्या दृष्टीने मात्र कर्ज तेवढेच राहते, फक्त सावकार बदलतो.

हे कर्ज किती असते? समजा तीस वर्षांचा एक गवंडी गेला. महिन्याला १५ हजार कमवत होता. मागे पत्नी, दोन मुले आणि आई. वर्षाचे १ लाख ८० हजार झाले. स्वतःच्या हुन्नरावर जगणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातील वाढ म्हणून ४० टक्के मिळवायचे, असे २०१७ च्या प्रणय सेठी निकालात ठरले आहे. म्हणजे २ लाख ५२ हजार. चार अवलंबितांसाठी त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा. राहिले १ लाख ८९ हजार. २००९ च्या सरला वर्मा निकालातील कोष्टकाप्रमाणे तिसाव्या वर्षी १७ ने गुणायचे. उत्तर येते ३२ लाख १३ हजार. त्यावर अंत्यविधी वगैरेची ठरीव रक्कम आणि व्याज वेगळे. पंधरा हजार कमावणाऱ्या माणसाच्या आयुष्याचा हा हिशेब आहे. यात काहीही अवास्तव नाही. तो जिवंत असता तर त्याने एवढेच घरात आणले असते.

न्यायाधिकरणाने ठरवलेली रक्कम भरली नाही तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यामार्फत वसूल करता येते. म्हणजे गोष्ट शेवटी सातबाऱ्यापर्यंत येते. इथपर्यंत कायदा. आता इथून पुढे जे घडते तो नीतीचा प्रश्न आहे.

पहिली पळवाट सातबाऱ्यावरच असते. नोटीस आली की जाणता माणूस सल्ला देतो, "जमीन बायकोच्या नावावर कर, घर भावाला बक्षीसपत्र करून दे. तुझ्या नावावर काही राहिले नाही तर ते काय नेणार?" देणेकऱ्याला बुडवण्यासाठी केलेला असा व्यवहार न्यायालय रद्द करू शकते, पण तो भाग सोडा. आम्ही विचारतो की, बायकोच्या नावावर नेमके काय चढले? चार एकर जमीन चढली की एका विधवेचे बत्तीस लाख चढले?

फिकहमध्ये 'जिम्मा' हा फार अर्थपूर्ण शब्द आहे. मराठीत आपण तोच वापरतो, पण त्याचे वजन विसरलो आहोत. माणसाच्या जिम्म्यावर देणे बसले म्हणजे त्याच्याजवळ मालमत्ता असो वा नसो, ते त्याच्यावर राहते. फेडले किंवा घेणाऱ्याने माफ केले तरच उतरते. कुरआनात वारसाहक्काचे हिस्से सांगताना वसीयत आणि कर्ज आधी निकाली काढण्याची अट पुन्हा पुन्हा आली आहे. कर्जदाराच्या जनाजाची नमाज पढवण्यास पैगंबर (स.) थांबले आणि अबू कतादा (रजि.) यांनी ते देणे आपल्या शिरावर घेतल्यावरच पुढे झाले, ही हदीस आपण मिलादच्या जलशात ऐकतो. ऐकताना डोळे भरून येतात. पण ते कर्ज दुकानदाराचे उधार असावे असेच आपण धरून चालतो. अपघातात गेलेल्या माणसाच्या मुलांचे देणे हेही कर्जच आहे, आणि तेही यतीमांचे, हा विचार मनात येत नाही.

दुसरी पळवाट तकदीरची. मौत अल्लाहच्या हाती आहे, यावर आपला ईमान आहे. पण मौतची वेळ ठरलेली आहे म्हणून मारणाऱ्याचा हिशेब माफ आहे, असे कुरआन म्हणत नाही. चुकून हातून माणूस मेला तर काय करावे याची सविस्तर तरतूद सूरह निसामध्ये आहे. मृताच्या घरच्यांना दियत द्यायची, ते आपणहून सोडून देतील तर गोष्ट वेगळी, आणि त्याखेरीज कफ्फारा. गुलाम मुक्त करणे आणि ते शक्य नसेल तर सलग दोन महिन्यांचे रोजे. लक्षात घ्या, हे सगळे चुकून झालेल्या मृत्यूसाठी आहे, ज्याला आपण हात झटकून 'ॲक्सिडेंट' म्हणतो त्यासाठी. तकदीर हे सबरचे कारण आहे आणि ते सांगण्याचा हक्क ज्याचे माणूस गेले त्याला आहे. ज्याच्या गाडीखाली गेले त्याने ते सांगू नये.

येथे एक शंका घेण्यासारखी आहे. कोणीही दुसऱ्याचे ओझे उचलणार नाही, हे कुरआनाचे तत्त्व आहे. मग चुकून झालेल्या हत्येची दियत गुन्हेगाराच्या 'आकिले'ने, म्हणजे त्याच्या नात्यागोत्याने, तीन वर्षांच्या हप्त्यांत द्यावी, असे फिकहने का सांगितले? हजरत उमर (रजि.) यांच्या काळात फौजेचे दीवान झाले तेव्हा एका दीवानात नोंद असलेल्यांना एकमेकांचे आकिला मानले गेले आणि हनफी फुकहांनी ते स्वीकारले. आमच्या कोकणी भागात शाफई मसलक आहे, तेथे आकिला बापाकडच्या पुरुष नातलगांची. तपशील वेगळे असले तरी विचार एक आहे. चूक एकाची असली तरी तिचा पैशाचा भार एकट्याच्या कमरेवर टाकला तर तो मोडेल आणि मृताच्या घरालाही काही मिळणार नाही. म्हणून भार वाटून घ्यायचा.

पण काय वाटले जाते आणि काय वाटले जात नाही, ते नीट पाहिले पाहिजे. आकिला रक्कम भरते. कफ्फाऱ्याचे रोजे मात्र ती ठेवत नाही. ते ज्याच्या हातून झाले त्यालाच ठेवावे लागतात. दोन महिने, रोज पहाटे उठून, आपण काय केले ते आठवत. आम्हांला यातच वरच्या शंकेचे उत्तर दिसते. ओझे दोन आहेत. एक पैशाचे, ते वाटून घेता येते. दुसरे जबाब देण्याचे, ते वाटता येत नाही. मराठीतला 'जबाबदारी' हा शब्द 'जवाब' या आपल्या ओळखीच्या शब्दातूनच आला आहे. जबाबदार म्हणजे ज्याने जबाब द्यायचा तो.

आजचा विमा म्हणजे एका अर्थाने अनोळखी लोकांची आकिला. हजारो गाडीवाले थोडे थोडे भरतात आणि त्यातून एखाद्याच्या चुकीचे देणे दिले जाते. विम्यातील व्याज आणि अनिश्चितता यांबद्दल उलेमांचे आक्षेप आहेत. सुदानमध्ये १९७९ पासून आणि मलेशियात १९८४ च्या कायद्याने तकाफुलची व्यवस्था उभी राहिली ती त्यामुळेच. पण कायद्याने सक्तीच्या असलेल्या विम्याला नाइलाजाची बाब म्हणून मुभा देणारे उलेमा आपल्याकडे आहेत. तरीही 'विमा नाजायज आहे' असे म्हणून हप्ता वाचवणारे भाऊ आम्हांला भेटतात. त्यांच्या परहेजगारीवर शंका घ्यायची नाही. एवढेच विचारायचे आहे की, विमा नको असेल तर त्याच्या जागी बत्तीस लाखांची आकिला कोठे उभी केली आहे? ती नसेल तर वाचलेला हप्ता हा तकवा नव्हे. रस्त्यावरून चालणाऱ्या प्रत्येक माणसाच्या जिवावर घेतलेली ती उधारी आहे.

आखातात गेलेल्या आपल्या कोकणी ड्रायव्हरांना हे वेगळे सांगावे लागत नाही. संयुक्त अरब अमिरातीत अपघाती मृत्यूची दियत अनेक वर्षे २ लाख दिरहम अशी ठरलेली होती. तिथे गाडीचे कागद तपासल्याशिवाय स्टिअरिंगला हात न लावणारा माणूस सुट्टीवर गावी आला की पुतण्याला बिनपरवान्याची गाडी देतो. त्याचे ईमान बदललेले नसते, त्याला फक्त इथे कोणी विचारणार नाही असे वाटते.

आता आपण अवघड जागी येतो. कोणी म्हणेल, हे सगळे ठीक आहे, पण गरीब मालकाचे काय? त्याने कर्जाने गाडी घेतली, ड्रायव्हर ठेवला. ड्रायव्हरची एक क्षणाची डुलकी, आणि मालकाची बापजाद्यांची जमीन जाणार. त्याच्या मुलांचा काय गुन्हा? असेच हजारो ड्रायव्हर रोज डुलक्या घेतात आणि सुखरूप घरी पोचतात. मग याच्याच वाट्याला हे का?

हा प्रश्न खोटा नाही. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७६ साली नैतिकता आणि नशीब यांच्या नात्यावर लिहिताना एका लॉरी ड्रायव्हरचे उदाहरण घेतले होते. त्याची काही चूक नसताना मूल त्याच्या गाडीखाली येते. आपण सगळे त्याची समजूत घालतो की तुझा दोष नाही, आणि ती घालणे योग्यच असते. पण तो ड्रायव्हर लगेच 'हो, माझा काय दोष' असे म्हणून मोकळा झाला, तर आपल्यालाच त्याच्याविषयी काहीतरी खटकते. बघणाऱ्याच्या दुःखात आणि त्याच्या दुःखात फरक असायला हवा, असे आपल्याला आतून वाटते.

गरीब मालकाचे उत्तर आम्ही असे देतो. नुकसान तर झालेलेच आहे. ते हवेत विरत नाही, कोणाच्या तरी घरी जाऊन बसणारच. आपण फक्त एवढेच ठरवायचे आहे की कोणाच्या. ज्याने गाडी रस्त्यावर आणली, भाड्याचा फायदा घेतला, विमा काढायचा की नाही आणि चावी कोणाला द्यायची हे ज्याच्या हाती होते, त्याच्या घरी? की जो रस्त्याच्या कडेने चालत होता आणि ज्याच्या हाती काहीच नव्हते, त्याच्या? ज्याचा नफा त्याचाच तोटा, हा फिकहचा जुना नियम आहे. १८७६ मध्ये पूर्ण झालेल्या उस्मानी 'मजल्ला' या कायदेसंहितेतही तो नोंदलेला आहे. मालकाच्या मुलांचा गुन्हा नाही हे खरेच. पण मृताच्या मुलांचा तर गुन्हाही नव्हता आणि गाडीही नव्हती.

याचा अर्थ मालकाला चिरडावे असा नाही. तंगीत असलेल्या कर्जदाराला मुदत द्यावी, ही कुरआनाचीच शिकवण आहे, आणि माफ करणे त्याहून चांगले म्हटले आहे. पण ही मुदत आणि माफी देणे घेणेकऱ्याच्या हातात आहे. देणेकऱ्याने ती स्वतःच स्वतःला द्यायची नसते, आणि मोहल्ल्यातल्या वजनदार मंडळींनी विधवेच्या वतीने परस्पर द्यायची तर मुळीच नसते.

कारण होते ते असे. पोलीस ठाण्याच्या आवारात दोन्हीकडचे चार लोक बसतात. "आपलाच माणूस आहे", "कोर्टात वर्षे जातील", "खूनका पैसा घरात कशाला" अशी वाक्ये फिरतात आणि पन्नास हजारांत मिटते. आत घरात इद्दतमध्ये बसलेल्या बाईला कोणी विचारत नाही. तिची इद्दत चार महिने दहा दिवस. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीने भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करण्याची मुदत घातली. ही मुदत न्याय्य आहे का, याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे, पण त्या भरवशावर राहण्यात शहाणपण नाही. बाई इद्दतमधून बाहेर येईपर्यंत सहापैकी चार महिने संपलेले असतात. अर्जासाठी तिने स्वतः ठाण्याला धावपळ करण्याचीही गरज नसते. भावाने, दिराने वकिलाकडे कागद पोचवले तरी काम सुरू होते. भरपाई मागणे हे सबरच्या विरुद्ध नाही. जिचा हक्क आहे तिने मागावा. सोडायचा असेल तर किती सोडतो आहोत हे कळल्यावर सोडावा. बत्तीस लाखांचा आकडा माहीत नसताना पन्नास हजारांवर केलेली सही म्हणजे माफी नव्हे.

हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद यांतला फरक आम्ही वर्गात शिकवतो. अल्लाहचा हक्क अल्लाह माफ करील, बंद्याचा हक्क बंद्यानेच माफ करावा लागतो. मुलांना हे चटकन कळते. मोठ्यांना मात्र अपघात झाला की पहिला विचार सुचतो तो पळून जाण्याचा. मारहाणीची भीती खरी असते, आम्ही ती नाकारत नाही. कायद्याच्या १३४ व्या कलमानेही जमावाच्या रोषाची अडचण मान्य केली आहे. पण त्याच कलमाने जखमीला दवाखान्यात पोचवणे आणि पोलिसांना खबर देणे बंधनकारक केले आहे. जागेवर थांबता आले नाही तर पुढच्या ठाण्यात जाता येते. जो गेला तो कायमचाच गेला, तर काय होते? गाडी सापडली नाही की मृताच्या घरच्यांना सरकारी योजनेतून २ लाख मिळतात. गाडीचा विमा असतानाही! म्हणजे आमच्या त्या गवंड्याच्या मुलांचे तीस लाख पळणाऱ्याने एका ॲक्सिलेटरवर उडवले. त्याच्या खिशातून एक पैसाही जाणार नव्हता, कंपनीच देणार होती. यतीमाचा माल खाणाऱ्याबद्दल कुरआनात किती कडक इशारा आहे, ते येथे पुन्हा सांगायला नको. याने तर तो खाल्लाही नाही, नुसता नासवला.

आपल्या जमातींना येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. मशिदीच्या कमिटीकडे हिशेबाची वही असते, निकाहची नोंद असते. वर्षातून एकदा जुम्याच्या नमाजनंतर गावातल्या गाड्यांचे विमा, परवाना आणि आर.सी. बुकावरचे नाव पाहायला एखादा शिकलेला तरुण बसवता येईल. बारातीसाठी पिकअपऐवजी परवान्याची बस ठरवा, असे निकाह पढवण्याआधीच सांगता येईल. अपघातात कोणी गेले तर त्या घराचा अर्ज मुदतीत दाखल करून देता येईल, मग ते घर आपल्या जमातीचे असो वा पाड्यावरच्या कातकऱ्याचे. आणि एखादा मालक खरोखरच देण्याखाली दबला, तर हप्त्यांसाठी त्याला हात देता येईल. तीच आजची आकिला. मात्र जमातीचे वजन देणे चुकवण्यासाठी नव्हे, देणे फेडण्यासाठी वापरले जावे.

शेवटी पैशाच्या पलीकडे एक गोष्ट राहते. मोटार विम्याच्या पॉलिसीत एक अट असते. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय मालकाने चूक कबूल करायची नाही, काही देण्याचे वचन द्यायचे नाही. धंद्याच्या दृष्टीने ती समजण्यासारखी आहे. पण तिची भीती दाखवून वकील आणि एजंट सांगतात की मृताच्या घरी पाऊलही टाकू नका. मग वर्षानुवर्षे खटला चालतो, पैसे मिळतात आणि ज्याच्या गाडीखाली माणूस गेला त्याचा चेहरा त्या घराने कधी पाहिलेलाच नसतो. ताजियतला जाणे म्हणजे कबुलीजबाब नव्हे. दोष कोणाचा आणि रक्कम किती, हे न्यायालय ठरवील. आपण दारात जाऊन बसावे, घरातल्या बुजुर्गांना सलाम करावा, त्यांनी कटू बोलले तर ऐकून घ्यावे. पुन्हा मुलांच्या शाळेच्या फीच्या वेळी, ईदच्या आधी, विचारपूस करावी. कंपनीचा चेक न्यायाधिकरणात जमा होतो. ही विचारपूस कोणत्याही पॉलिसीत बसत नाही आणि आपल्याऐवजी दुसरा कोणी ती करूही शकत नाही.